परमिटची सही

फॉर्मवर पाच ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. काउंटरवरच्या कारकुनाने तो उलटा फिरवून पुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हणाला, "फुल्या आहेत तिथे सह्या करा, आजोबा. पटापट."

आजोबांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. डोळ्यांवर चढवला. आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"ते वाचायचं नसतं," कारकून म्हणाला.

"मग छापता कशाला?"

मागे रांगेत चार जण उभे होते. त्यांतला एक मोठ्याने खाकरला. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने आवाज खाली आणला. "बाबा, करा ना सही. सगळे करतात."

"सगळे काय काय करतात ते मला सांगू नकोस."

हा माणूस चाळीस वर्षं रिगर होता. म्हणजे अवजड यंत्रं उचलून जागच्या जागी बसवणाऱ्या टोळीतला. कारखान्यात त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं होतं. बाकी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला परमिट म्हणत.

त्याचं कारण असं. कारखान्यात कुठलंही जड काम सुरू करायच्या आधी एक कागद भरावा लागतो, त्याला परमिट म्हणतात. काय उचलायचं, वजन किती, कशाने उचलायचं, कुठून कुठे न्यायचं आणि सुटलं तर कोणी कुठे पळायचं. खाली सह्या. बहुतेक लोक तो कागद गप्पा मारता मारता भरून टाकत. हा मात्र कागद घेऊन जागेवर जायचा. साखळीची कडी न् कडी बोटाने चाचपायचा. टोळीला गोल उभं करायचा आणि प्रत्येकाकडून त्याचं त्याचं काम वदवून घ्यायचा. कोणी अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. साहेब घड्याळाकडे बघत राहायचे.

एका साहेबाने एकदा वैतागून विचारलं, "सही करायला तुला किती वेळ लागतो रे?"

"वजन खरं सांगा, लगेच करतो."

कागदावर सहा टन लिहिलं होतं. तपासल्यावर साडेआठ निघालं. त्यानंतर साहेब घड्याळ बघायचे, पण तोंडाने काही बोलायचे नाहीत.

न बघता सही त्याने आयुष्यात एकदाच केली होती, तिशीत असताना. जोडीदाराच्या पायाची दोन बोटं गेली. जोडीदार पुढे ते हसत हसत सांगायचा, आता बूट सैल बसतो म्हणून. परमिट हसत नसे.

तर अशा माणसाला हर्निया झाला होता. उजव्या बाजूचा. तीस वर्षांपूर्वी एकदा शिवून घेतलेला, आता पुन्हा वर आलेला. उभं राहिलं की जांघेत लिंबाएवढा फुगवटा, आडवं झालं की गायब. "दिवसपाळीला असतो, आडवा झालो की सुट्टीवर जातो," असं तो त्याच्याबद्दल सांगायचा.

दुसरं पान उलटतो न उलटतो तोच ईसीजीला हाक आली. परमिटने फॉर्म मुलाच्या हातात दिला. "धर. चौथ्या कलमावर आहे मी."

अर्ध्या तासाने तो छातीला चिकट मलम आणि दोन विसरलेले चिकटपट्टीचे तुकडे घेऊन परतला, तर मुलगा वॉर्डात कॉटशेजारच्या स्टुलावर बसला होता. फॉर्म फायलीत लागला होता आणि फाईल कॉटच्या पायाशी लटकत होती. पाचही फुल्यांवर सह्या होत्या. मुलाच्या.

परमिटने फाईल काढली. बघितली. पुन्हा बघितली.

"हर्निया तुला झालाय का?"

"बाबा, ते लोक घाई करत होते..."

"उद्या भूल तुला देणार आहेत?"

"तसं नाही. नातेवाइकांची चालते म्हणाले."

"चालते? मग टाकेही नातेवाइकांनाच घाला. मी घरी जातो."

आवाज वॉर्डभर गेला. शेजारच्या कॉटवरचा पाय मोडलेला माणूस कोपरावर उठून बसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच काही बघण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात वॉर्डाची थोरली सिस्टर आली. तीस वर्षं तिने वॉर्ड चालवला होता आणि ती डॉक्टरांशीही तशीच बोलायची जशी फरशी पुसणाऱ्याशी. तिने फाईल घेतली, सह्या पाहिल्या आणि मुलाकडे बघितलं.

"वडील बेशुद्ध होते?"

"नाही, ईसीजीला गेले होते."

"लहान आहेत? वेडे आहेत?"

मुलाने नकारार्थी मान हलवली.

"मग ही सही कसली?" ती म्हणाली. "सज्ञान माणूस शुद्धीवर असेल तर संमती त्याची. त्याला कळेल अशा भाषेत सगळं सांगून झाल्यावर. काय करणार, का करणार, काय बिघडू शकतं, दुसरा मार्ग कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल. त्यानंतर तो हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. आणि हो म्हणून झाल्यावरसुद्धा टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणू शकतो. नातेवाईक फार तर साक्षीदार. हे कायद्यात आहे, डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे. वेळ नसतो, एवढं एक कायद्यात नाही." तिने फॉर्म फायलीतून काढून त्यावर आडवी रेघ मारली. "नवा आणते. आजोबा, बसा. आणि छातीवरचं ते काढा, पार्सलासारखे दिसताय."

परमिट बसला. बाई त्याला आवडली. ही टोळीत असती तर फोरमन झाली असती, असं त्याला वाटलं.

सर्जन दुपारी आल्या. चाळिशीच्या, डोक्याला हिरवी टोपी, पायात रबरी चपला, चेहऱ्यावर अजून सहा पेशंट.

"काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम नाही. काम समजून घ्यायचंय."

"मुलाला सगळं समजावलंय मी."

"कापणार कुणाला?"

सर्जन बाईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर छताकडे बघत होती. बाईंनी स्टूल ओढलं, मुलगा त्यावरून उठला, बाई बसल्या आणि त्यांनी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायला सुरुवात केली.

चित्र चांगलं होतं. परमिटला नकाशा वाचता येत होता. पोटाची भिंत, भिंतीला पडलेलं भोक, भोकातून डोकावणारं आतडं, वरून बसवायची जाळी. त्याने विचारलं, जाळी कशाची, ती किती वर्षं टिकते, कशाने धरते. बाई सांगत गेल्या. उघडं ऑपरेशन एक, दुर्बिणीतून दुसरं. भूल कमरेत. बिघाडही सांगितले. जखम चिघळू शकते, आजूबाजूला बधिरपणा राहू शकतो, दुखणं रेंगाळू शकतं, हर्निया परत येऊ शकतो.

"इथे एक ओळ आहे," परमिट म्हणाला. "'गरज भासल्यास अन्य कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास संमती.' कोणतीही? नाकसुद्धा?"

"नाकाला हात लावत नाही मी."

"मग खोडा."

"जीव धोक्यात आला तर विचारायला थांबणार नाही. तेवढं मला करावंच लागेल."

"तेवढं कबूल. तेवढंच लिहा."

बाईंनी खोडलं, लिहिलं आणि पेन हातातच फिरवत राहिल्या. "अजून एक आहे. तुमची आधीची शिवण जुनी आहे. तिथे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. सोडवताना त्या बाजूच्या वृषणाचा रक्तपुरवठा दुखावू शकतो. मग ते आकसतं. क्वचित काढावंही लागतं."

पाय मोडलेल्या माणसाने चादर पोटापर्यंत ओढून घेतली.

"म्हणजे गोटी," परमिट म्हणाला.

"हो. एक."

"हे याला सांगितलंत?"

"काल."

परमिट मुलाकडे वळला. मुलगा पंख्याची पाती मोजत होता. "काल. आणि काल संध्याकाळी तू मला विचारत होतास, बाबा, टीव्हीचा आवाज वाढवू का."

"तुम्ही घाबराल म्हणून, बाबा..."

"माल माझा आणि बैठक तुझ्याशी?" परमिटचा आवाज चढला नाही, उलट उतरला, ते जास्त वाईट होतं. "आणि घाबरायचं काय त्यात? सदुसष्ट वर्षांचा आहे मी. तिने तिचं काम केव्हाच उरकलंय. पुरावा हा इथे उभा आहे, तोंड लाल करून."

सिस्टरने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. सर्जन बाईंनी फायलीत काहीतरी शोधलं, जे तिथे नव्हतं.

"ते लिहा," परमिट म्हणाला. "क्वचित काढावं लागेल, मान्य. आता माझा प्रश्न. बावन्न किलो केव्हा उचलता येईल?"

"कशाला उचलायचंय?"

"केव्हा ते सांगा."

"सहा आठवडे अजिबात नाही. नंतर हळूहळू. पण बावन्न?"

"रोज. दिवसातून सहा वेळा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही निवृत्त आहात ना? काय उचलता तुम्ही?"

"बायको."

चार वर्षांपूर्वी बायकोच्या कण्याला गाठ झाली. गाठ काढली, पण पायांतली ताकद परत आली नाही. तेव्हापासून सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत खुर्चीत, दुपारी पलंगावर, चार वाजता पुन्हा खुर्चीत, शेवटी पलंगावर. सहा उचली. परमिट तिला काखेत हात घालून उचलायचा. गुडघे वाकवून, पाठ ताठ, श्वास सोडत. एकदाही पाडलं नव्हतं. मुलाला यातल्या कशालाही हात लावू द्यायचा नाही. मुलगा दुसऱ्या गल्लीत राहायचा, ऑफिसात बसून काम करायचा आणि त्याची कंबर, परमिटच्या मते, ऑफिसाच्याच कामाची होती.

सर्जन बाईंनी चित्रातल्या जाळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "दुरुस्तीवर दुरुस्ती आहे ही. त्यावर रोज सहा वेळा बावन्न किलो? मी हो म्हणणार नाही. सहा आठवड्यांनी नाही, सहा महिन्यांनीही नाही. दुसरं कोणीतरी बघा."

"आणि ऑपरेशन केलंच नाही तर?"

"उचलत राहिलात तर वाढेल. एखाद्या दिवशी आतडं अडकेल. मग घाईने कापावं लागेल, आणि तेव्हा चित्र काढायला मला वेळ नसेल."

"म्हणजे दोन्हीकडून उचलणं बंद."

"हो." बाईंनी फॉर्मकडे बघितलं. "हे मी विचारायला हवं होतं. यावर तसा रकानाच नाही."

"तेच तर मघापासून म्हणतोय." परमिटने चष्मा काढून घडी केला. "आज सही नाही. आधी तिची व्यवस्था. आठ दिवसांनी येतो."

बाई चिडतील असं मुलाला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: फुगवटा घट्ट झाला, आत जाईना, दुखायला लागलं, उलटी झाली, तर तडक यायचं. आणि दुसऱ्या कागदावर, सगळं समजून पेशंट आज नको म्हणतो आहे. त्याच्यावर सही मागितली. नाही म्हणायलाही सही लागते, हे परमिटला फार पटलं. तो कागद त्याने दोनदा वाचला आणि केली.

घरी आल्यावर तो पलंगाच्या खोलीत टेप घेऊन फिरू लागला. दुसऱ्या दिवशी लोखंडी पाइप आले. तिसऱ्या दिवशी पलंगावर चौकट उभी राहिली, चौकटीला आडवा पाइप, पाइपाला छोटी चेन पुली, पुलीखाली रुंद कापडी पट्टा. मुलाने रजा टाकली होती. परमिटने एका पोत्यात वाळू भरली, तराजूवर बरोबर बावन्न किलो करून घेतली आणि मुलाला पोतं उचलायला लावलं.

"पट्टा मध्यावर. मध्यावर म्हणजे मध्यावर. साखळी ओढ. झटका नाही. झटका नाही म्हटलं ना! आता खुर्ची आण. तू खुर्चीकडे बघतोयस की पोत्याकडे?"

"दोन्हीकडे."

"दोन्हीकडे बघणारा एकीकडेच बघतो. पुन्हा."

बायको खिडकीशी खुर्चीत बसून हे बघत होती. पहिल्या दिवशी तिने रेडिओ लावला होता. दुसऱ्या दिवशी बंद केला. चौथ्या दिवशी पोतं पट्ट्यातून निसटून जमिनीवर धप्पकन आपटलं आणि वाळू खोलीभर झाली.

"बरं आहे," ती म्हणाली. "ते पोतं काही बोलत नाही."

"बसेल गं. उद्यापर्यंत सगळं बसेल."

"कुणाला?"

"तुला."

"मला विचारलंत?"

परमिटचा हात साखळीवर होता. मुलाने झाडू घेतला आणि झाडू लागला.

"दवाखान्यात एवढा तमाशा करून आलात," ती म्हणाली. "पोराला चारचौघांत सोललंत. कापणार कुणाला, म्हणे. मग इथे टांगणार कुणाला? चार दिवस माझ्या डोक्यावर पाइप ठोकताय. टेप लावलीत पलंगाला, दाराला, खुर्चीला. मला सोडून सगळ्यांना."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना?"

"पोरगाही हेच म्हणाला होता तुम्हाला."

मुलगा झाडता झाडता थांबला, मग त्याला ते बरं वाटल्याचं लपवायला आणखी जोरात झाडू लागला.

परमिटने साखळी सोडली. पोत्यात उरलेल्या वाळूवर तो बसला. "बरं. विचारतो. काय म्हणणं आहे तुझं?"

"असं नाही. आधी सांगा. पट्टा सुटला तर मी कुठे पडेन?"

"सुटणार नाही."

"आत्ता सुटला. दुसरा उपाय काय?"

"दुसरा नाही."

"आहे. माझी ताई. तिच्याकडे एक मावशी येते, पेशंटचं काम शिकलेली. ताईच्या सासूला तीच बघायची. मी फोन केलाय. सहा आठवडे ये म्हणतेय."

"तू कधी फोन केलास?"

"तुम्ही नटबोल्ट आणायला गेला होतात तेव्हा."

"सहा आठवडे?" तो म्हणाला. "आणि त्या बाईला तुला उचलता येईल? मी चार वर्षं उचलतोय. एकदा तरी पाडलं का?"

"नाही पाडलं."

"मग?"

बायकोने खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. हे तिला सांगायचं नव्हतं, पण विषय आता इथवर आला होता.

"माझे खांदे दुखतात," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. काखेत हात घालता ना, तेव्हा. सगळं वजन तिथे येतं."

परमिटने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"दर वेळी?" त्याने विचारलं.

"दर वेळी."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? उचललंत की दर वेळी म्हणता, बघ, कळलं तरी का तुला! इतक्या ऐटीत. मी म्हणायची, नाही कळलं."

सहा वेळा रोज, दोन वर्षं. परमिटला हिशेब तोंडाने करावा लागला नाही. तो उठला, पाना घेतला आणि चौकट सोडायला लागला. मुलगा मदतीला आला तेव्हा म्हणाला, "वरचा बोल्ट आधी. नाहीतर डोक्यात पडेल." एवढंच.

बायको शुक्रवारी गेली. ताईची गाडी आली, गाडीतून मावशी उतरली. ठेंगणी, गोल, परमिटच्या खांद्याएवढी. परमिट पुढे झाला तसा तिने हाताने त्याला बाजूला केलं. "तुम्ही नाही, काका. तुमचं मला सांगितलंय." तो दारात हात मागे बांधून उभा राहिला. गाडीत बायको कशी बसवली गेली ते त्याला मावशीच्या पाठीमुळे नीट दिसलंच नाही. काच खाली करून बायको म्हणाली, "जेवण वेळेवर करा. आणि डॉक्टरांना छळू नका."

दोन दिवस घर रिकामं होतं. उचलायला काही नव्हतं. चार वाजले की तो उठून उभा राहायचा आणि मग बसायचा.

सोमवारी त्याने सही केली. नव्या फॉर्मवर फुल्या नव्हत्या. सर्जन बाईंनी सगळं परत एकदा सांगितलं, या वेळी घड्याळाकडे न बघता, आणि खाली हाताने एक ओळ घातली: पेशंटने यापुढे माणूस उचलायचा नाही, हे त्याला सांगितलं आहे. परमिटने प्रत्येक पान वाचलं. साक्षीदार म्हणून मुलाची सही होती.

"वाचलंस?" परमिटने विचारलं.

"वाचलं."

"तिसऱ्या पानावर काय आहे?"

"भूल. आणि... ती गोटी."

"ठीक. कर."

ऑपरेशन थिएटरबाहेर त्याला ट्रॉलीवर आडवं केलं होतं. अंगात मागून उघडा अंगरखा, ज्याबद्दल त्याने दोन वाक्यं बोलून घेतली होती. तेवढ्यात मुलाने फोन कानाशी धरला. "आई आहे."

"अहो," बायकोचा आवाज आला, "एक सांगायचं होतं. मावशी मला उचलतच नाही."

"म्हणजे? पलंगावरच ठेवलंय?"

"छे. फळी आहे तिच्याकडे. गुळगुळीत, थोडी वाकडी. पलंग आणि खुर्ची यांच्यात टाकते. मी हातांनी रेटून सरकते या अंगावरून त्या अंगावर. ती नुसती कमरेला हात लावून उभी. खांदे दुखतच नाहीत."

परमिट छताकडे बघत राहिला. वीस वीस टनांची यंत्रं त्याने पाइपांवरून सरकवत नेली होती, कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जे सरकवता येतं ते उचलायचं नाही, हे टोळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी सांगायचा.

"गाढव आहे मी," तो म्हणाला.

"ते नंतर बघू. आधी कापून घ्या."

"थांब. खुर्ची पलंगाच्या उंचीला घेतली का? की उतार ठेवला?"

"बोटभर उतार. मावशी म्हणते, जाताना खुर्ची खाली, येताना पलंग खाली."

"बरोबर म्हणते. कोणत्या लाकडाची आहे?"

"अहो!"

मुलाने फोन काढून घेतला. सर्जन बाई तोंडाला मास्क लावून आल्या, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, उजव्या जांघेवर पेनने बाण काढला. "काही शंका, आजोबा?"

"एक आहे. बावन्न किलोला फळी किती जाड लागेल?"

"काय?"

"तुमच्या खात्यातलं नाही," परमिट म्हणाला. "चला, ढकला."